तेरा अंडी आणि एक खुडूक कोंबडी

वाशीमकडे जाऊन आलो म्हटलं की नागपुरातली मंडळी विचारतात, "बालाजीचं देऊळ पाहिलंत का?" नाही पाहिलं. पद्मतीर्थ पाहिलंत का? तेही नाही. मी कोंबड्यांची खुराडी पाहिली, कोळशावर चालणाऱ्या मोटारीचं पोट पाहिलं, आणि माणूस चिडचिडीच्या भरात काय करून बसतो ते पाहिलं. या प्रवासाचं वर्णन कुणी मागितलेलं नाही. तरीही लिहितो, कारण तोंडी सांगायला गेलं की ऐकणारे अर्ध्यातच हसू लागतात आणि पुढचं सांगायचं राहून जातं.

मी जनावरांच्या आणि पाखरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. कोंबड्यांना मानमोडी नावाचा रोग होतो. पाखरू मान पिळून पडतं, हिरवं हगतं आणि दोन-तीन दिवसांत मरतं. आठवड्याभरात गावातलं एकही खुराडं शिल्लक राहत नाही. या रोगाचा विषाणू आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, आणि मांसाच्या पाण्यात जंतू वाढवतात तसा वाढतही नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. आमच्या सरांनी वर्षभर काचेच्या कुप्यांत कोंबडीच्या गर्भाच्या पेशी वाढवून पाहिल्या. दोन दिवस त्या वाढत, तिसऱ्या दिवशी कुपीत बुरशी. शेवटी सर अंड्यावर आले. दहा दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईनं मवाळ केलेला विषाणू आत सोडायचा, मेणानं भोक बुजवायचं. आत विषाणू वाढतो, गर्भ मरतो. गर्भाभोवतालचं पाणी काढून घेतलं की लस तयार.

पुस्तकात सगळं जमलं होतं. आमच्याकडे मात्र विषाणू वाढेचना. सरांना शंका आली, की आपण ज्यांची अंडी घेतो त्या कोंबड्या हा रोग काढून जगलेल्या असाव्यात. त्यांच्या अंगातलं संरक्षण बलकातून गर्भात उतरतं आणि आपला विषाणू तिथंच मार खातो. म्हणजे हा रोग कधीच आला नाही अशा गावची अंडी हवीत. वऱ्हाडात फिरणाऱ्या एका गुरांच्या डॉक्टरांनी कळवलं, की शेलूबाजाराहून आसेगावच्या अंगाला, टेकडीखाली, दहा-बारा घरांचं एक खेडं आहे. तिथल्या कोंबड्यांना कधी काही झालेलं ऐकिवात नाही. सरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले. मी टोपली शोधायला उठलो.

वाशीम ते शेलूबाजार

अकोल्याहून मोटारीनं वाशीमला उतरलो तेव्हा फाल्गुनाचं ऊन डोक्यावर होतं. पुढची मोटार कोळशावरची. जर्मन-जपानची लढाई संपली तरी पेट्रोल काही मोकळं झालेलं नव्हतं. मोटारीच्या पाठीला एक मोठं पिंप जोडलेलं, त्यात कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. चालवायचं म्हणजे ड्रायव्हरनं प्रयत्न करायचा. चढ आला की आम्ही सगळे खाली. ड्रायव्हर लोखंडी सळईनं पिंप खवळायचा, राख आमच्या डोळ्यांत, मग मोटार एकटी चढ चढायची आणि आम्ही मागून पायी. पुण्यात मी टांग्याचे पैसे वाचवायला चालायचो. इथं तिकीट काढून चाललो.

शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी रिकामी टोपली पाहून विचारलं, "कायचा यापार करता?"

"अंडी आणायला चाललोय."

"नागपुरात कोंबड्या नाईत?"

पुढचे दोन चढ मी टोपली पाठीमागे लपवून चढलो.

दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. एरवी मी थांबून पाहिलं असतं. पण घशात राख होती.

शेलूबाजारला डाकबंगल्यात उतरलो. तिथले खानसामा बाबूमियाँ पांढऱ्या दाढीचे, अतिशय प्रेमळ गृहस्थ. या प्रवासात मला सर्वांत जास्त त्रास प्रेमळ माणसांनीच दिला.

टेकडीखालचं खेडं

दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडी केली. गाडीवान गणपत हा बोलका माणूस. माझं लग्न का झालं नाही यावर त्यानं दोन कोस विचार केला. खेड्यात पोचलो तेव्हा त्यानंच मला चंद्राबाईंच्या अंगणात नेऊन उभं केलं. "कोंबड्याइचं काई बी असन तं बाईले इचारा," तो म्हणाला.

चंद्राबाई पन्नाशीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा शेतावर होता. खेड्यात कुणाची कोंबडी खुडूक झाली, कुणाचा कोंबडा म्हातारा झाला, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. खुडूक म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसलेली. मी सांगितलं, की घरोघरची ताजी अंडी हवीत, कोंबडा लागलेल्या कोंबड्यांची.

"कायले?"

"औषध करायला."

"खायाचं औषध?"

"नाही. अंड्यात आधी थोडी वाढ होऊ द्यायची. आम्ही ती पेटीत ठेवतो, ऊब देतो. मग आतली जी अवस्था असते, तिच्यात..."

"डाक्तर, नीट सांग न."

"मग त्यात रोग घालायचा."

"पिल्लाले?"

"पिल्लू नसतं ते अजून. गर्भ असतो."

"दहा दिसाचं अंडं म्या फोडून पाह्यलं हाय. डोये राह्यतेत त्याले. ते मरते का नाई, तेवढं सांग."

"मरतं."

"असं सांग न मंग. येवढं फिरून काहून सांगून राह्यला?"

मला राग आला. चार वर्षं मी त्या प्रयोगशाळेत काम करतोय आणि मला कुणी असा प्रश्न केला नव्हता. आमच्याकडे वहीत 'अंडं क्रमांक अमुक' असं लिहितात, आणि त्यापुढे तास.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "माह्या बहिनीच्या गावात दोन सालामांगं हा रोग आला. तिची येकबी कोंबडी राह्यली नाई. पाहुना आला तं रांधाले काई नाई, लेकरू बिमार पल्लं तं इकाले काई नाई. आमी इथी बाजारातली कोंबडी घरात घेतच नाई. म्हनून राह्यल्या आमच्या." मग उठून त्या घरोघर गेल्या.

प्रत्येक अंडं हाती आलं की त्या मुठीचं नळकांडं करून उन्हाकडे धरत आणि एका डोळ्यानं पाहत. काही परत देत: "हे जुनं हाय." मी त्याच कामासाठी बॅटरी आणि काळ्या पुठ्ठ्याची पेटी आणली होती. पेटी काढली नाही.

चाळीस अंडी जमली. कोंड्यात नीट बसवून टोपली बांधली. चंद्राबाईंनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी आणि कच्च्या तेलाची धार. आमच्या पुण्याकडे आग्रह तोंडानं करतात. पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, म्हणून उपाशी उठतो. इकडे विचारतच नाहीत, हातानं वाढतात. तिसरी भाकर पानात पडली तेव्हा मी पहिल्यांदा खूश होतो. कुणाच्या घरी काय जेवलो हे आईला अजून कळवलेलं नाही.

निघताना चंद्राबाई म्हणाल्या, "येवढे अंडे गेले. औंदा पिल्लं कमीच होतीन."

ते माझ्या मनात राहिलं.

डाकबंगला

संध्याकाळी टोपली बाबूमियाँच्या हवाली केली. "ही अंडी फार जपायची आहेत. उद्या लांब न्यायची. एकही फुटता कामा नये."

"फिकर मत करो साहब."

सकाळी त्यांनी टोपली आणून दिली. स्वच्छ, पुसलेली, वर धुतलेलं फडकं. मला टोपली ऊबदार लागली. एक अंडं हातात घेतलं, हलवलं, आतून काही हललं नाही. दुसरं घेतलं.

"बाबूमियाँ, ही..."

"कच्चे ले जाते तो रस्ते में सब फूट जाते ना साहब," ते समाधानानं म्हणाले. "मैंने सब उबाल दिये. एक भी नहीं फूटेगा."

आणि खरोखरच एकही फुटलं नसतं.

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाबूमियाँचा चेहरा इतका पडला, की शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागली. न्याहारीला त्यांनी मला त्यातलीच चार अंडी मीठ-मिरी लावून दिली. मी खाल्ली. काय करणार?

त्या दिवशी शेलूबाजारचा बाजार होता. परत खेड्यात जायचं, पुन्हा अंडी मागायची, तर रिकाम्या हातानं कसं जाणार? त्यांची पिल्लं कमी होणार आहेत, तर कोंबड्याच नेऊन देऊ, असं मला वाटलं. दोन चांगल्या कोंबड्या निवडल्या. डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली, शेपटाखाली पाहिलं. दोन्ही ठणठणीत. विकणारी बाई म्हणाली, "नवरी पाह्यल्यासारखा पाहून राह्यला हा मानूस," आणि आजूबाजूचा सगळा बाजार हसला. मी तिथून निघालो तो तडक गणपतच्या गाडीत.

पुन्हा खेडं

उकडलेल्या अंड्यांची हकीकत ऐकून चंद्राबाई अंगणात बसकण मारून हसल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या. मग एकदम थांबल्या.

"आता कोठून आनू? घरोघरचे म्या मांगून देल्ले तुले."

 उन्हानं माझं डोकं ठणकत होतं. त्या उठून घरात गेल्या आणि मला आत बोलावलं. कोपऱ्यात राखेनं भरलेल्या टोपलीत एक काबरी कोंबडी पिसं फुलवून बसली होती.

"तेरा अंडे हायत खाली. आठवा दिस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आठ दिवस झालेले, वाटेत दोन जाणार. नागपुरात पोचतील तेव्हा नेमके दहा. आम्हाला हवे तितकेच.

"पण ही तर तुम्ही पिल्लांसाठी बसवली आहे."

"रोग आला तं हे तेराबी जातीन आन् बाकीचेबी. ने."

"नेऊ कशी? वाटेत गार पडली तर आतला गर्भ मरेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "काबरीले बी ने न बावा. ते कायले बसली हाय?"

म्हणजे दोनशेवर मैल, मोटारीनं आणि आगगाडीनं, अंड्यांवर बसलेली कोंबडी मांडीवर घेऊन. मी कपाळाला हात लावला. दुसरा इलाज दिसत नव्हता.

"काबरी माही वापस आनून देजो," त्या म्हणाल्या. "लय चांगली बसते."

मग मी गाडीतल्या दोन कोंबड्या आणल्या. चंद्राबाई मागे सरल्या.

"बाजारातलं पाखरू मी घरात नाई घेत. तुले सांगतलं होतं."

"बाई, मी पाहून आणल्यात."

"पाहून काय समजते?"

आता माझा तोल गेला. राख, चढ, उकडलेली अंडी, ते ऊन, भर बाजारातलं हसणं, सगळं वर आलं. "अहो, माझं शिक्षणच याचं आहे! मी डॉक्टर की तुम्ही?"

त्यांनी दोन्ही कोंबड्या माझ्या हातातून घेतल्या आणि अंगणात सोडल्या.

नवीन पाखरू निदान पंधरा दिवस वेगळं ठेवावं, हे मी स्वतः शेतकऱ्यांच्या मेळाव्यात सांगत असतो. तिथं सांगितलं नाही. गाडी उभी होती, बैल जुंपलेले होते, आणि मला निघायचं होतं.

काबरीसह नागपूर

परतीचा प्रवास थोडक्यात सांगतो. मोटारीत चढाला सगळे उतरले, मी उतरलो नाही. ड्रायव्हर ओरडला तेव्हा टोपलीकडे बोट दाखवलं आणि सगळ्या उतारूंनी माझी बाजू घेतली. "बायंतीन हाय ते," एक बाई म्हणाली. दिवसातून एकदा कोंबडी उठते, खाते, घाण करते आणि पुन्हा बसते. हे काबरीनं अकोल्याच्या फलाटावर केलं. मी तिच्यामागे वाकून चालत होतो आणि तेरा अंड्यांवर माझं उपरणं होतं. तिकीट तपासनिसानं टोपलीत हात घातला आणि काबरीनं त्याच्या बोटाचं रक्त काढलं. पूर्ण प्रवासात मला आवडलेली ही एकच गोष्ट.

प्रयोगशाळेत अंडी उजेडावर धरली. तेरापैकी अकरांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. सरांनी स्वतः सुई हातात घेतली. विषाणू वाढला. तीन दिवसांत अकराही गर्भ गेले. मी वहीत तास लिहिले. फोडून पाहताना डोळे दिसत होते. पूर्वीही दिसत असणारच.

त्या पाण्याची लस झाली, आमच्याकडच्या पाखरांवर खरी उतरली. सर मला म्हणाले, "पहिल्या कुप्या त्या खेड्यात घेऊन जा. त्यांचा हक्क आहे." तीच लस टोचलेल्या काबरीला मी टोपलीत घातलं, बर्फ भरलेला थर्मास गळ्यात अडकवला आणि निघालो. या खेपेला मोटारीच्या राखेचंही मला काही वाटलं नाही. मनात मी चंद्राबाईंना काय काय सांगायचं ते जुळवत होतो.

महिन्याभरानं

खेड्यात शिरताना आवाज नव्हता. बैलांच्या घुंगरांचा तेवढा. 

चंद्राबाईंच्या अंगणात खुराडं उपडं करून उन्हात टाकलं होतं. त्या दारात बसल्या होत्या. मी टोपली खाली ठेवली. काबरीनं मान बाहेर काढली.

"सगळ्या गेल्या?" मी विचारलं.

"साऱ्या. पह्यल्यांदा तुह्या दोन. मंग माह्या. मंग घरोघरच्या. नऊ दिस लागले."

मी उभा होतो, थर्मासचा पट्टा मानेला काचत होता. बाजारात पाहिलेले ते स्वच्छ डोळे, कोरड्या चोची मला आठवल्या. रोग अंगात असून पाखरू चार-पाच दिवस ठणठणीत दिसतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

"मी आणला," मी म्हणालो. "मला माहीत होतं वेगळ्या ठेवायला हव्यात. मी सांगितलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या.  मग विचारलं, "दवा झाली का?"

"झाली. अकरा अंड्यांतून."

"आन् दोन?"

"दोन वाटेतच गेली होती."

त्यांनी मान हलवली. काबरीला उचलून घेतलं, पिसं फुंकून कातडी पाहिली आणि कोंबड्या न पाळणाऱ्या शेजारणीच्या घरी नेऊन तिला झाकून ठेवलं. परत आल्या त्या चप्पल घालूनच. "नाल्यापलीकडच्या वस्तीत आजून हायत. चाल."

पलीकडे सहा घरं. पहिल्या दारात मी थर्मास उघडायला वाकलो तर चंद्राबाई म्हणाल्या, "पह्यले सांग त्याइले. काय झालं ते." सांगितलं. घरमालकानं माझ्याकडे पाहिलं, चंद्राबाईंकडे पाहिलं आणि कोंबड्या धरून आणल्या. मी एकेकीच्या मांडीला सुई दिली. दुसऱ्या घरी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. दर घरी माझी मान जरा जास्त खाली गेली.

सहाव्या घरची बाई तरणी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि काठीचं फाटक लावून घेतलं. "याच्या हातचं नाई पाहिजे मले," ती म्हणाली. "याले इथूनच जाऊ द्या."

मी थर्मास बंद करू लागलो. चंद्राबाईंनी माझ्यापुढे हात केला.

"सुई इकडे दे."

"तुम्हाला जमायचं नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाच घरी त्यांनीच पाखरं धरली होती, माझी प्रत्येक सुई त्यांनी एका हाताच्या अंतरावरून पाहिली होती. मी पाचव्या घरच्या चुलीवर उकळलेली सुई भरून दिली. कुठे टोचायची ते माझ्या स्वतःच्या मांडीवर दाखवलं. किती द्यायचं त्या नळीवरच्या खुणेवर नखानं रेघ ओढली.

त्या फाटकातून आत गेल्या. तरण्या बाईनं फाटक पुन्हा लावलं. मी कुंपणाबाहेर उन्हात उभा राहिलो. दर थोड्या वेळानं काठ्यांच्या फटीतून रिकामी सुई बाहेर यायची, मी ती भरून आत द्यायचो. आतून मला फक्त पंखांची फडफड ऐकू येत होती आणि चंद्राबाईंचा आवाज: "धर. अशी नाई, पाय धर. हं."

असं सात वेळा झालं.